उकिडव्यांचं फ्रेंच

आमच्या कारपूलमध्ये मागच्या सीटवर बसून एक मराठी गृहस्थ रोज सकाळी फ्रेंच क्रियापदं चालवतात. गाडी मी चालवतो, ते क्रियापदं. इथे आखातात आमच्या मोहम्मद बिन झायद सिटीहून मुसफ्फाची कारखान्यांची वसाहत काही लांब नाही, पण ट्रकांच्या मागे अडकलं की मागून सुरू होतं: "क झ्यूस पार्ले, क त्यू यूस पार्ले, कील यू पार्ले..." आवाज तोंडी परीक्षेच्या दाराशी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याचा, चेहरा परीक्षकाचा.

हे शरद उकिडवे. स्टीलच्या पाइपांच्या कारखान्यात तपासणी विभागाचे प्रमुख. जन्मभर पाइप तपासून नजरच अशी झाली आहे की समोर काहीही आलं तरी आधी चूक दिसते. मग एकच शब्द: "रिजेक्ट!" टपरीवरच्या करक, म्हणजे कडक चहाचा एक घोट घेतला की, "भाई, इलायची कल की है. रिजेक्ट!" गणपतीच्या कार्यक्रमात मी माइकसमोर 'सुस्वागतम्' म्हणालो, तर पहिल्या रांगेतून, "सामंत, एक 'सु' जास्त आहे. रिजेक्ट!" मुलाला सांगून आलेली सगळी स्थळं त्यांनी अशीच परत पाठवली. शेवटी मुलानं टोरांटोत परस्पर जमवलं आणि थेट लग्नाची तारीख कळवली. तपासणीला जागाच ठेवली नाही.

त्यांच्या पत्नी मंजिरीवहिनी इथल्या एका शाळेत वर्षानुवर्षं फ्रेंच शिकवत. तेव्हा उकिडव्यांनी त्या भाषेतला एक शब्द उचलला नाही. "नाकातून बोलायला मला सर्दी पुरते," म्हणायचे. गेल्या वर्षी वहिनींना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय सावरले, पण वाचा गेली. समजतं सगळं, शब्द फुटत नाही. थेरपिस्टनं बजावलं, बोलतं करत राहा, नाहीतर जे उरलंय तेही जाईल. आणि नेमकं तेव्हा हा माणूस फ्रेंच शिकायला बसला!

बरं, 'बाजार कुठे आहे', 'पाणी द्या' असलं कामाचं फ्रेंच नव्हे. प्लूपर्फेक्ट सबजंक्टिव्ह. तेही फक्त 'बोलणे' या क्रियापदाचं. मी चौकशी केली. हा काळ आता खुद्द फ्रान्समध्येही कोणी बोलत नाही म्हणे, जुन्या पुस्तकांत तेवढा सापडतो. म्हणजे त्या लोकांनी टाकून दिलेली वस्तू आमचे साहेब मुसफ्फाच्या रस्त्यावर घासूनपुसून लख्ख करत होते.

माझ्या शेजारच्या सीटवर लतीफभाई असतात. रत्नागिरीचे, एसीच्या डक्टचा धंदा. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला हळूच विचारलं, "सामंत, साहेब दुवा-वजीफा पढतायत काय?"

"फ्रेंच आहे, लतीफभाई."

"मग आमीन बोलायचं का नाय?"

घरी माझी बायको म्हणाली, "वहिनींचं बोलणं गेलं, आणि ह्यांना हौस सुचतेय!" मुलगी म्हणाली, "बाबा, इज अंकल ओके?" मला काय माहीत?

ऐकून ऐकून आम्हा दोघांनाही तो तक्ता पाठ झाला. सिग्नलला उकिडवे दम घ्यायला थांबले की लतीफभाई पुढचं रूप म्हणून टाकत आणि मागून शेरा येई, "पास!" हा शब्दही या माणसाकडे आहे हे आम्हाला तेव्हा कळलं. स्वतः उकिडवे मात्र एकदाही चुकले नाहीत.

एका शनिवारी सकाळी मी सांज्याच्या पोळ्या द्यायला त्यांच्याकडे गेलो.

"या. चपला रॅकमध्ये, टाचा भिंतीकडे. आणि बोलू नका, वर्ग चालू आहे."

खिडकीशी दोन खुर्च्या समोरासमोर. एकीत वहिनी. माझ्याकडे पाहून हसल्या. उकिडवे दुसरीत बसले, घसा खाकरून त्यांनी सुरुवात केली. तीन रूपं बिनचूक गेली. "क नू झ्यूसियों पार्ले, क वू झ्यूसियों पार्ले..."

चुकले! साक्षात उकिडवे चुकले! अशी संधी कोण सोडतो? मी ओरडलो, "झ्यूसिए! वू झ्यूसिए!"

उकिडव्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तडा गेलेला पाइप झालो. दातांवर दात ठेवून म्हणाले, "सामंत, पोळ्या आत ठेवून या."

मी स्वयंपाकघरात. बाहेर पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तीच चूक. मी पोळ्या ओट्यावर ठेवल्या.

"नों."

जड, ओढलेला आवाज. मी दारातून डोकावलो. वहिनींचं बोट वर झालं होतं. "झ्यू... सिए. क वू झ्यूसिए पार्ले." आणि तिथे न थांबता शेवटचं रूपही: "कील झ्यूस पार्ले." समोर उकिडवे मान खाली घालून बसलेले.

थोड्या वेळानं ते पाणी घ्यायला आत आले. "स्तोत्रं म्हणून पाहिली, पाढे म्हणून पाहिले. ढिम्म. एकदा तिचं पुस्तक उघडून वाचायला गेलो आणि खरंच चुकलो. ताडकन 'नों!' चूक तिला सहन होत नाही. मास्तरीणच ती."

"पण हाच काळ का?"

"सोपं काही घेतलं तर एका शब्दात दुरुस्त करून गप्प होते. हा लांबलचक आहे. जास्त वेळ बोलते."

"आणि गाडीतली ती घोकंपट्टी?"

"सामंत, बिनचूक येत नसेल तर नेमकं कुठे चुकायचं ते कसं ठरवणार? आणि रोज त्याच जागी चुकून चालत नाही. संशय येतो तिला."

ग्लास घेऊन ते बाहेर गेले, खुर्ची पुढे ओढली आणि दणक्यात सुरू झाले. या वेळी दुसऱ्याच रूपाला घसरले.

"नों!" वहिनी म्हणाल्या. आधीपेक्षा स्पष्ट.

उकिडव्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि ओठांतल्या ओठांत म्हणाले, "रिजेक्ट." चेहरा पहिल्या नंबरानं पास झालेल्या मुलासारखा.