भोईरकाका गाडी मागे घेत नाहीत

गाडीला मागे जायचा गिअर कशासाठी दिलेला असतो, सांगाल का मला? आणि तो धडधाकट असताना एखादा माणूस दहा फूट मागे यायचं टाळण्यासाठी थेट रोडपाली गावापर्यंत जाऊन वळून येत असेल, तर त्याला तुम्ही काय म्हणाल? वेडा म्हणाल. आमच्या इमारतीत सगळे तेच म्हणायचे. मी एकटी त्या माणसाला तत्त्वनिष्ठ म्हणायचे. आम्ही सगळेच चुकत होतो.

खांदा कॉलनीत आम्ही राहायला गेलो तेव्हा मी नुकती कॉलेजात जाऊ लागले होते. वडील कामगार संघटनेतले. आमच्या घरच्या रद्दीत वर्तमानपत्रं कमी आणि पत्रकं जास्त. अक्षरओळख झाली तीही पत्रकांवरच, त्यामुळे जगातल्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असतं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

त्या इमारतीत मोटार एकच होती. तळमजल्यावरच्या भोईरकाकांची, पांढरी, छोटी. काका मूळचे उरणकडच्या मिठागरवाल्या कुटुंबातले, नोकरीला बंदरावर. गाडीसाठी नाव नोंदवून त्यांनी इतकी वर्षं वाट पाहिली होती की, त्यांच्या गावात लोक म्हणे त्यांना "गाडी झाली का?" असं मूल झालं का विचारावं तसं विचारायचे.

"रंग कंचा पायजे, ते कोनी इचारलंच नाय," काका सांगायचे. "पांढरी आली, पांढरी घेतली. बैल घेताना तरी मानूस रंग बगतो."

पण जपली ती लेकीसारखी. सीटवरचं प्लॅस्टिक त्यांनी कधी काढलं नाही. उन्हाळ्यात त्या सीटवरून उठताना चर्रर्र आवाज व्हायचा आणि पाठीची थोडी कातडी तिथेच राहते की काय असं वाटायचं. थंडीत सकाळी काका चोक ओढायचे, बॉनेटला कान लावायचे आणि म्हणायचे, "खोकते हाय. जरा थांबू." गाडी धुतली की स्वतःच्या पंच्याने पुसायचे. "अंग पुसल्याबिगर घराबाहेर नाय न्यायाची."

मला हे सगळं सहन व्हायचं नाही. मी एकदा जिन्यातच त्यांना अडवून सांगितलं, "काका, खासगी मोटार ही मूठभरांची चैन आहे. रस्ता आहे तो एसटीचा आणि पायी चालणाऱ्यांचा!"

"बरोबर हाय, मोर्चाबाय," काका शांतपणे म्हणाले. हे नाव त्यांनीच मला ठेवलं होतं. "पन काल तुज्या पत्रकांचा गठ्ठा पनवेलच्या छापखान्यातून कोनी आनला गो? एस्टीनं?"

काकांचे नियम दोनच होते. पहिला, "चावी नि चप्पल दुसऱ्याला द्यायाची नाय." दुसरा, "आमी मागं नाय जात."

हा दुसरा नियम ते अक्षरशः पाळायचे. आमच्या आवाराला दोन फाटकं होती. काका पुढच्या फाटकातून आत यायचे, जिन्यासमोर गाडी उभी करायचे आणि जाताना तशीच नाकासमोर पुढे नेऊन मागच्या फाटकाने बाहेर पडायचे. रस्त्यावर एखादं वळण चुकलं तर मागे येणं नाही. पुढचा चौक, त्याच्या पुढचा चौक, आणि तिथेही वळायला जागा नसेल तर रोडपाली.

एकदा पनवेलच्या मासळीबाजाराजवळच्या बोळात समोरून टेम्पो आला. मी मागच्या सीटवर होते. (तत्त्व बाजूला ठेवून नव्हे. पत्रकांचा गठ्ठा होता.) काकांनी शांतपणे इंजीन बंद केलं, काच खाली केली आणि बोळातल्या चार माणसांना हाक मारली, "जरा ढकला रं मागं."

टेम्पोवाला ओरडला, "काका, गिअर मोडला काय?"

"गिअर चांगला हाय. आमी मागं नाय जात."

चार माणसं बॉनेटला हात लावून गाडी मागे रेटत होती आणि काका वरातीतल्या नवरदेवासारखे ताठ बसून समोर बघत स्टिअरिंग धरून होते. एक कोळीण टोपली खाली ठेवून म्हणाली, "लगीन करून परत चाललाव की काय?" बोळभर हशा पिकला. काका हसले नाहीत. मी मात्र भारावले. घरी येऊन कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी लेखच लिहिला: 'आमच्या इमारतीत एक माणूस राहतो, जो माघार घेत नाही!' काकांना वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लिवलंस चांगलं. पन उगाच मोठा केलास मला." मग ते उठून गाडीची पुसलेलीच काच पुन्हा पुसू लागले. मला तो विनय वाटला.

दर रविवारी संध्याकाळी पाचला मात्र गाडी बाहेर निघायचीच. काकू मांडीवर झाकलेला डबा घेऊन पुढच्या सीटवर बसायच्या आणि दोघं ओवे गावी जायचे. काकूंचं माहेर ओव्याचं. आई लहानपणीच गेली, तेव्हा थोरल्या बहिणीने त्यांना वाढवलं होतं. तिला त्या 'बाय' म्हणायच्या. बायचं एक अंग लुळं पडलं होतं, ती अंथरुणावर होती. आठवडाभर ती फक्त गाडीच्या हॉर्नची वाट बघायची. तो वाजला की तिला उठवून, भिंतीला टेकवून बसवावं लागायचं आणि मग ती धाकट्या बहिणीच्या हातून जेवायची. इतर दिवशी जेवणाला तोंड वाकडं. "आइतवारी पोटभर जेवते," काकू सांगायच्या, "बाकी दिस जिवंत राहन्यापुरती."

आणि अशात आमच्या सोसायटीने मागचं फाटक बंद केलं.

बाहेरची माणसं आवारातून ये-जा करतात, सायकली चोरीला जातात, असं कारण. सेक्रेटरींनी नुसतं कुलूप नाही घातलं, भिंतच बांधून घेतली. कोणाला विचारलं नाही. सत्ता हातात आली की माणूस आधी वाट बंद करतो, हे मी तेव्हाच शिकले. आवारात गाडी वळवायला जागा नव्हती. आता ती बाहेर काढायची तर एकच मार्ग उरला: जिन्यापासून पुढच्या फाटकापर्यंत, उलटी.

पहिल्या रविवारी आम्ही पाच-सहा जणांनी गाडी ढकलली. काकू आत डबा धरून बसल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरचे जोशीआजोबा मध्येच कंबर धरून खाली बसले, तशा काकू दार उघडून उतरल्या. "माज्यापायी शेजाऱ्यांच्या कंबरा मोडायच्या? मी नाय येत." डबा घेऊन घरात गेल्या.

बसने जावं, तर बस महामार्गावर सोडायची आणि तिथून गावापर्यंतची चाल काकूंच्या गुडघ्यांना झेपणारी नव्हती. रिक्षावाले तो खडबडीत रस्ता ऐकूनच मान हलवायचे. सेक्रेटरी म्हणाले, "मला लायसन्स आहे, मी काढून देतो गाडी." काकांनी चावी खिशात आणखी खोल घातली.

मग सगळ्यांनी मिळून काकांनाच गळ घातली. काकू घरातच राहिल्या. काका एकटे गाडीत बसले आणि आख्खी इमारत दिशा सांगायला उभी राहिली. "येऊ द्या, येऊ द्या!" "उजवीकडे!" "अहो, तुमची उजवी की माझी?" "थांबा!" "थांबू नका!" गाडी पाच हात मागे आली आणि डावीकडच्या तुळशीच्या कट्ट्यावर दणकन आदळली. त्या काळी या गाडीला बाहेरून आरसा एकच, चालवणाऱ्याच्या बाजूला. डावी बाजू आंधळी. काका खाली उतरले. बंपरकडे त्यांनी बघितलंही नाही. "एकल्याला नाय जमत," एवढंच म्हणाले.

पुढचाही रविवार तसाच गेला. सोमवारी ओव्याहून भाजी घेऊन येणारी बाई जिन्यात थांबून काकूंना म्हणाली, "बाय इचारते, हॉर्न का नाय वाजला? जेवतच नाय ती."

आता मात्र माझं रक्त उसळलं. मी रात्रीतून नव्हे, दुपारीच बसून मजकूर लिहिला: 'नागरिकहो! भिंत पाडा!' आणि पहिली सही घ्यायला काकूंकडे गेले. काकू सुकट निवडत बसल्या होत्या. माझा कागद त्यांनी बाजूला सारला.

"भिंतीचं काय नाय गो पोरी," त्या म्हणाल्या. "यांना गारी मागं घेता येते. चांगली येते."

मी त्यांच्यासमोर फतकल मारली.

"ओव्याच्या पुढं नवे रस्ते झालेत ना, नुसते रस्ते, घर एक नाय, तिथं आमची गारी यायाच्या आधी आमी दोगं ड्रायविंगच्या मास्तरची गारी घेऊन जायचो शिकायला. मास्तरनं यांना शिकवलंय, डावा हात शेजारच्या सीटमागं टाकायाचा, मान वळवायाची नि मागं बगत घ्यायाची. मी डावीकडचं सांगायाची. या, या, थांबा. काय सुरेक घ्यायाचे! मी सांगितल्याबिगर मातर त्यांना येत नाय. शिकलेच तसे."

"मग आता का नाही घेत?"

काकूंनी सुकटीतला खडा शोधण्यात बराच वेळ घालवला. "गारी घरी आली त्या दिवशी पूजा झाली. सासरे आलेले, दीर आलेले, गावची मानसं. समदी बिल्डिंग ग्यालरीत. नारळ फोडला, मी बसले पुढं. गारी मागं घ्यायाची होती. यांनी आपला शिकवल्यापरमानं हात टाकला माज्या मानेमागं. वरनं कोनीतरी शिट्टी मारली. एक जन वरडला, 'काका, हिरो!' आख्खी बिल्डिंग खदाखदा हसली. सासरे खाली मान घालून उभे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी घरात येऊन रडले. यांना बोलले, चारचौगांत परत असा हात टाकलाव तर गारीत पाय नाय ठेवनार."

"आणि काका?"

"ते बोलले, मंग आपन मागंच नाय जायाचं."

त्या हे सहज म्हणाल्या आणि सुकट पाखडू लागल्या. आम्ही त्या इमारतीत यायच्या आधीची ही गोष्ट. एवढी वर्षं हा माणूस बायकोला लाजवायचं नाही म्हणून रोडपालीपर्यंत जात होता, बाजारात हसं करून घेत होता, आणि विचारलं तर छाती काढून "आमी मागं नाय जात" म्हणत होता. मी त्यावर लेख लिहिला होता!

"आणि आता, बायसाठी?" मी विचारलं.

"बायसाठी बसेन गो. पन समदी बगतात," काकू म्हणाल्या. साठीला टेकलेली बाई सोळा वर्षांच्या मुलीसारखी लाजली होती.

मी कागद फाडला. घरी जाऊन नवा मजकूर लिहिला, कार्बन लावून प्रती काढल्या आणि प्रत्येक दारात हातात दिल्या. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत छोटं पत्रक: 'येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता सर्वांनी गॅलरी सोडून पाच मिनिटं घरात बसावं. कारण विचारू नये.' सेक्रेटरींनी कारण विचारलंच. त्यांच्या बायकोने पत्रक वाचून माझ्याकडे पाहिलं, मग खाली उभ्या असलेल्या गाडीकडे. पूजेच्या दिवशी ती गॅलरीत असणार. "अहो, पाच मिनिटं आत बसलात तर सोसायटी बुडत नाही," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

रविवारी पाच वाजता आमची इमारत ओस पडली. वाळत घातलेले कपडे तेवढे गॅलरीत राहिले. वॉचमनने खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून मांडली. मी आमच्या बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसले होते, खिडकीच्या खाली, डोकं वर न काढता. गाडीचं दार लागलं. मग दुसरं. मग तो आवाज आला, मागच्या गिअरचा, बारीक, लांबलेला, कुत्र्याच्या पिल्लाने कुईं करावं तसा. आणि त्यावर काकूंचा आवाज, आधी दबका, मग हळूहळू खुलत गेलेला:

"या... या... या... डावीकडं तुलस हाय... या... सरल या..."

काकांचा आवाज आला नाही. त्यांना बोलायचं काही कारणच नव्हतं. फाटकाबाहेर पोचल्यावर हॉर्न एकदाच वाजला. त्यानंतर दारं उघडली आणि माणसं गॅलरीत आली.

पुढे ते दर रविवारचंच झालं. पत्रक लागेना. पाच वाजले की बायका मुलांना हाक मारायच्या, "आत चला रे." नव्याने राहायला आलेल्यांना वाटायचं, इमारतीत पाणी त्या वेळी येत असावं. गॅरेजवाल्याने काकांना डावीकडे आरसा लावून देतो म्हटलं, तर काका म्हणाले, "हाय ना. आमचा आरसा बसलाय डावीकडं."

दीडेक वर्षाने बाय गेली. तिच्या दिवसांनंतरच्या रविवारी आम्हाला वाटलं, आता हे संपलं. मी गॅलरीत पुस्तक घेऊन बसले होते. पाच वाजता गाडीचं दार लागलं. मग दुसरं. मी पुस्तक घेऊन आत गेले.

नंतर जिन्यात भेटले तेव्हा विचारलं, "काका, आता कुठे जाता?"

"रोडपालीपरयंत," ते म्हणाले. त्यांनी पंच्याने चावी पुसली. "यायाचं परत. जाताना मागं घ्यावी लागते ना गो, म्हनून."

आता त्या आवारात गाड्या मावत नाहीत. दोन्हीकडे आरसे, आणि मागे येताना कर्कश गाणी वाजवत येतात. मागे बघायला कोणी मान वळवत नाही. रस्ता एसटीचा आणि पायी चालणाऱ्यांचा, हे माझं मत मी अजून बदललेलं नाही. त्यात एका पांढऱ्या गाडीपुरती जागा ठेवली आहे, एवढंच.

म्हणून एक विनंती करते, पत्रकात करायची तशीच, फक्त उद्गारचिन्ह न देता. तुमच्या गल्लीत कधी एखादं वयस्कर जोडपं छोटी जुनी गाडी हळूहळू मागे घेताना दिसलं, आणि त्याचा हात तिच्या सीटमागे असला, तर हॉर्न वाजवू नका. दिशा सांगायला धावू नका. गॅलरीत असाल, तर तेवढा वेळ आत जा.