पोटात काय हाय?

आमच्या नागावचे धाकूअण्णा कंपाउंडर औषध द्यायच्या आधी ते हुंगायचे. स्वातंत्र्यानंतरची पाच-सात वर्षं झाली असतील. डॉक्टरसाहेब अलिबागहून आठवड्यातून दोनदा येत. बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे अण्णा, आणि अण्णा म्हणजे त्यांचं नाक. ॲस्पिरिनची बाटली उघडायची, नाकाशी धरायची, डोळे मिटायचे. समोरचा माणूस डोकं धरून कण्हत असला तरी हे चुकायचं नाही. मग निकाल: "ताजी हाय." आणि लगेच प्रश्न: "पोटात काय हाय?"

नुसतं "जेवलो" म्हणून भागत नसे. काय जेवलो तेही सांगावं लागे. एका नारळवाल्याने घाईत "च्या घेतलाय" म्हटलं, तर अण्णांनी त्याला घरी पिटाळलं. "च्या म्हंजे जेवाण न्हाय. उपाशी पोटी ही गोळी आतलं अस्तर खाते."

ॲस्पिरिनला ते दोघांचा संसार म्हणत. दोन आम्लांचं कारखान्यात लग्न लावलेलं. त्याला दर्याची ओली हवा लागली की काडीमोड! एक शिरका होऊन आंबट वास मारत उडून जातं, मागे उरलेलं पोटात आग लावतं.

"पण या गोळीने सूज उतरते कशी?" मी एकदा विचारलं.

"ते मोठ्या डाक्तरांनाबी ठाव न्हाय," अण्णा भलत्याच आनंदाने म्हणाले.

त्या पावसाळ्यात माझ्या आईची बोटं सुजली. केसांची गाठ मारता येईना, भाकरी थापणं तर दूरच. घरात आम्ही दोघंच. मी शाळामास्तर, फळ्यावर गोल बरा काढायचो, तव्यावर नाही. माझ्या भाकऱ्या आई एक शब्द न बोलता खायची, यावरून तिचं दुःख ओळखावं. पुन्हा हात चालतील ही आशाच तिने सोडली होती.

डॉक्टरांनी ॲस्पिरिन दिली. आईने गोळ्या जिवापाड जपल्या, मिठाच्या बरणीत! मिठात मासे टिकतात, लोणचं टिकतं, मग गोळ्या का टिकू नयेत? पण पावसाळ्यात आमच्याकडचं मीठ पाणी धरतं. चौथ्या दिवशी तिच्या पोटात अशी आग पडली की "मेले तरी आता गोळी नको" म्हणून ती भिंतीकडे तोंड करून बसली.

अण्णा घरी आले. बरणी हुंगली. आता तोंडाचा पट्टा सुटणार, असं मला वाटलं.

"वैनी," ते म्हणाले, "तुमी गोळ्यांचं लोणचं घातलंत."

कितीतरी दिवसांनी आई हसली.

पोट शांत झाल्यावर डॉक्टरांना विचारून अण्णा रोज दुपारी स्वतःच येऊ लागले. हातात छोटी बाटली, तळाशी ओल शोषायला भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी, आणि त्या दिवसापुरत्याच गोळ्या. "आदी घास, मग गोळी," म्हणत आईचा दूधभात संपेपर्यंत उंबऱ्यावर बसायचे. मधल्या सुट्टीत घरी येऊन मीही तिथेच जेवायचो. चिखल तुडवत यायचे, पण महिनाभरात एक दिवस चुकले नाहीत.

एके दुपारी शाळेतून आलो, तर चुलीपुढून थापण्याचा आवाज. आई भाकरी थापत होती! वाकडी, एका बाजूला जाड. पण तिच्या हातची. मी ताटाला हात घालणार, तोच तिने ते उचलून उंबऱ्यावर बसलेल्या अण्णांपुढे नेलं.

"आण्णा, तुमच्या पोटात काय हाय?"

अण्णा गडबडले. बाटलीचं बूच काढलं, पुन्हा लावलं.

"च्या," शेवटी म्हणाले.

बायको गेल्यापासून ते एकटे राहतात हे साऱ्या गावाला माहीत होतं. दुपारी त्यांची चूल पेटत नाही, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्या आईचे हात ज्याने परत दिले, त्या माणसाला उंबऱ्यावर बसवून मी महिनाभर त्याच्यासमोर जेवत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"च्या म्हंजे जेवाण न्हाय," आई म्हणाली.

अण्णांनी भाकरी उचलली, नाकाशी धरली आणि डोळे मिटले. बराच वेळ ते उघडेनात.

"बिघडली काय?" आईने हळूच विचारलं.

"न्हाय वैनी," अण्णा म्हणाले. "ताजी हाय."