बापूसोंचं खातं नव्या सर्व्हरवर

सत्तांतर शांततेत होणं हे प्रगत समाजाचं लक्षण आहे. राजारामपुरीतल्या मगदूमांच्या घरात जुना मीडिया सर्व्हर जाऊन नवा आला, तेव्हा भांड्याला भांडंही लागलं नाही, हे आम्ही शेजारी या नात्याने अभिमानपूर्वक नमूद करतो. (मीडिया सर्व्हर म्हणजे घरातले सिनेमे, मालिका आणि लग्नांची शूटिंगं पोटात ठेवून टीव्हीवर दाखवणारं मशीन. फ्रीजनंतर घरात सर्वाधिक वापर त्याचाच.)

या घरात माणसं नऊ आणि सर्व्हरवर खातीही नऊ. इतकी समता भल्याभल्या लोकशाहीत आढळत नाही. खाती मांडताना नातू केतनने (हा कॉम्प्युटरवाला) लग्नपत्रिकेचा नियम लावला होता: वडीलधारे आधी. त्यामुळे टीव्ही लावला की पहिलं नाव आजोबांचं, म्हणजे बापूसोंचं. बापूसो जैन बस्तीचे, म्हणजे मंदिराचे पंच. सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, कांदा-लसणाला शिवत नाहीत. सर्व्हरवर फक्त प्रवचनं ऐकतात. त्यासाठी केतनने त्यांना रिमोटवर एक बटण नेमून दिलं होतं, ते दाबलं की थेट प्रवचनच लागे. दुसऱ्या बटणाला त्यांनी कधी हात लावला नाही.

खाती हलवताना प्रश्न आला. कोणी काय बघितलं आणि कुठपर्यंत, हा इतिहास सोबत न्यायचा का? सून चंदना, नात आदिती, दोन्ही मुलगे, सगळ्यांचं एकमुखी मत पडलं की जुनं जाऊ द्यावं, कोरं सुरू करावं. (कारण कुणी दिलं नाही. तत्त्वाच्या गोष्टीला कारण लागत नाही.) बापूसो एकटे विरोधात. त्यांचं एक प्रवचन अर्ध्यावर राहिलं होतं.

"माझं जिथं थांबलंय तिथनंच लागाय पायजे," ते म्हणाले. "आपल्याला लपवायचं काय हाय?"

केतनने सगळं जसंच्या तसं हलवलं.

रविवारी बस्तीचे पंच आले. बापूसोंना अध्यक्ष करायचं जवळपास ठरलंच होतं, फक्त चहा व्हायचा होता. बापूसोंनी कौतुकाने आपलं प्रवचन ऐकवायला टीव्ही लावला आणि आपल्या नावावर नेहमीचं बटण दाबलं. नव्या मशीनला जुन्या बटणाची ओळख नव्हती. त्याने आधी सगळी यादीच मांडली. तांबडा रस्सा, भाग चौथा. कोंबडी साफ करण्याची सोपी पद्धत. एक कोरियन प्रेमप्रकरण. एक भुताचा सिनेमा. केवळ प्रौढांसाठी असलेला आणखी एक, ऐन मोक्यावर थांबलेला. सगळ्यांत खाली प्रवचन.

पंचांनी कप खाली ठेवले. "तुमच्या वयाचा मान हाय, बापूसो," त्यातले ज्येष्ठ म्हणाले, "पर अध्यक्षपदाचं फुडल्या वर्षी बघू."

चौकशी झाली. उरलेली आठही खाती कोरी करकरीत निघाली. वडीलधाऱ्यांचं नाव ओलांडून स्वतःचं नाव दाबणं या घराच्या संस्कारात बसत नाही. प्रेमप्रकरण असो की कोंबडी, सगळ्याची सुरुवात आजोबांच्या नावाने होत आली आहे.

बापूसोंनी कुणाला जाब विचारला नाही. आम्हाला फार वाईट वाटलं, पण शेजाऱ्यांच्या वाईट वाटण्याची नोंद कुठे होत नाही. मग एके दिवशी ते केतनला म्हणाले, "मला येक नवं खातं काढून दे. नुसतं प्रवचनाचं. ह्ये जुनं ज्येचं हाय त्येनं घ्यावं."

मागणी रीतसर घरापुढे ठेवण्यात आली. जुनं खातं घ्यायला कुणीही पुढे आलं नाही.

"एका माणसाला दोन खाती कशी व्हतील, मामंजी?" चंदना म्हणाली. "नियम सगळ्यास्नी सारखा की."

नियमापुढे इलाज नसतो. मागणी फेटाळण्यात आली. बापूसो आता प्रवचन ऐकत नाहीत, टीव्हीच्या खोलीतही येत नाहीत. त्यांचं खातं मात्र जोरात चालू आहे, तांबडा रस्सा सातव्या भागावर आला आहे.

वाचकहो, मगदूमांना खुशाल हसा. फक्त आज टीव्ही लावाल तेव्हा तुमच्या घरात पहिलं नाव कुणाचं येतं, ते नीट वाचा. आणि मग तेच दाबा, नेहमीसारखं.