रिकाम्या गाडीचा हॉर्न

सोपानआण्णा आमच्या दूध संघाचे व्यवस्थापक. सकाळी ते फाटकातच खुर्ची टाकून बसत आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला विचारत, "संघ कशासाठी हाय?" उत्तर पटलं नाही, तर माणसाने समोरच्या कडुलिंबाखाली बसून विचार करायचा. आमचे कारकून शिंदे इमानेइतबारे "पगारासाठी" म्हणत आणि डबाही लिंबाखालीच खात. मी अध्यक्ष होतो, पण त्या सावलीत मीही बसून आलो आहे.

मग दुष्काळ पडला. चारा संपला, गावोगावचं दूध आटलं. दूध गोळा करायची गाडी रिकामी जायची, रिकामी यायची. एकदा ड्रायव्हर बाबू वैतागून म्हणाला, "आण्णा, संघ आता निस्ता हॉर्न वाजवायला हाय."

सगळे हसले. आण्णा मात्र खुर्चीतून उठले. "बरोबर बोललास बे. हॉर्न बंद पडला, की लोक म्हशी बाजारात नेतील. मग पाऊस येऊन काय करायचं?"

तेव्हापासून दूध असो नसो, गाडी प्रत्येक गावात जाऊन हॉर्न वाजवू लागली. सोबत रोज एक कर्मचारी. शिंदे कुरकुरत धर्मापुरीकडच्या फेरीला गेले आणि परतल्यावर कुणी न विचारताच लिंबाखाली जाऊन बसले.

"कावून बसलात? म्या तर काय इचारलं बी न्हाई," आण्णा म्हणाले.

शिंद्यांनी सांगितलं, एका म्हातारीच्या दारात म्हशीसाठी व्यापारी आला होता. दावं सोडायला ती वाकली, तेवढ्यात हॉर्न वाजला. दावं तसंच ठेवून ती गाडीपाशी आली आणि बाबूला म्हणाली, "आज न्हाई रे बाबा. उद्या ये."

"उद्या म्हणली ना?" आण्णा खूश झाले. "मग संघ लई जगंल."

मला हा सगळा वेडेपणा वाटत होता. गाडी बंद करायचा ठराव मीच आणला. बैठकीच्या दारात शिंद्यांसकट सगळे कर्मचारी येऊन उभे राहिले. आमचा शिपाई हात जोडून म्हणाला, "साहेब, तुमी आधी लिंबाखाली बसून या."

ठराव बारगळला. पुढे पाऊस झाला. आसपासचे संघ बुडाले होते, आमच्या गावांत मात्र म्हशी दावणीला होत्या. सत्कार झाला तो माझा. दूरदृष्टीचा अध्यक्ष म्हणून फेटा बांधला, आणि सगळ्यांत जोरात टाळ्या आण्णांनीच वाजवल्या. मी गप्प राहिलो. लोक आजही ती हुशारी माझीच समजतात, म्हणून हे लिहितो आहे.

आण्णा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. वहिनी गेल्या, मुलगी सासरी. मनातलं एकदा बोलून टाकावं म्हणून परवा सकाळी मी मांजरसुंब्याजवळच्या त्यांच्या घरी गेलो. चहा झाला. बोलायला सुरुवात करणार, तोच बाहेर हॉर्न वाजला.

आण्णा लगबगीने उठले. कोपऱ्यातली घासून लख्ख केलेली दुधाची किटली घेऊन बाहेर गेले. मी दारातून पाहत होतो. गोठा कधीचाच रिकामा होता. बाबू, आता तोही पिकलेला, गाडीतून उतरला आणि त्याने किटलीत नीट वाकून पाहिलं.

"आज न्हाई रे," आण्णा म्हणाले. "उद्या ये."