दत्ता पेंटरचा मराठी ईमेल

जवळा बाजारला आमच्या शेजारच्या घराच्या भिंतीवर ऑइल पेंटनं एक ईमेल पत्ता रंगवलेला आहे. हातभर उंचीची निळी अक्षरं, त्यांना पिवळी शेड, आणि सगळा पत्ता मराठीत. आधी 'दत्ता', मग टिंब, मग 'पेंटर', मग ते ॲटचं वेटोळं, आणि त्याच्या पुढचंही सगळं मराठीतच. वेटोळं इतकं देखणं उतरलंय की मागच्या निवडणुकीत दोन कार्यकर्ते जीप थांबवून खाली उतरले.

"काका, हे चिन्ह कोन्त्या पक्षाचं हो?"

"पक्ष न्हाई, माझा ईमेल हाय," दत्ताकाका म्हणाले. "मत नका देऊ, मेल द्या."

मेल काही त्यांनी दिला नाही. मराठी अक्षरांतला ईमेल असतो, तो रीतसर मिळतो, चालतो, हे सगळं खरं. पण बहुतेक वेबसाइटांना ते कुणी सांगितलेलंच नाही. काकांचा पत्ता टाकला की खाली लाल अक्षरांत उमटतं, 'कृपया वैध ईमेल टाका.' ही ओळ काकांनी इतक्या ठिकाणी वाचली होती की मजकुराचा राग जाऊन तिच्या अक्षरांचा राग आला होता.

"यातला 'ध' बघ," ते मला म्हणायचे. "पोट फुगल्यावानी काढलाय. ज्याला धड 'ध' काढता येईना, तो मला चुकीचा मनून राहिला."

दत्ताकाका आमच्या भागातले पेंटर. माझ्या लहानपणी शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, गिरणीवरची पाटी, बियाण्याच्या दुकानाचं नाव, ट्रॉलीमागचं 'आईची पुण्याई', सगळं त्यांच्याच हातचं असायचं. मी 'क' शिकले तो शाळेत नाही, खताच्या दुकानासमोर, त्यांच्या शिडीखाली उभी राहून. बाजाराच्या दिवशी आम्ही पोरं मुद्दाम तिथं रेंगाळायचो. टर्पेंटाईनचा वास यायचा. खडू लावलेला दोरा दोन टोकांना ताणून धरायचा, मधे उचलून टणकन सोडायचा, की भिंतीवर पांढरी सरळ रेघ उठायची. तो दोरा कुणी धरायचा यावरून आमची मारामारी व्हायची. एकदा मला धरायला मिळाला तेव्हा मी इतकी हलले की रेघ नागमोडी आली. काकांनी ती तशीच ठेवली आणि तिच्यावर नदी काढली. त्या दुकानाच्या पाटीत नदी काहून, हे मालकाला शेवटपर्यंत कळलं नाही.

पुढे फ्लेक्स आले. सकाळी नाव दिलं की दुपारी पाटी तयार, वर मालकाचा चष्म्यातला फोटो. काकांचं काम आटत गेलं. "त्यात निस्तं नाव राहतं, अक्षर न्हाई राहत," एवढंच ते म्हणायचे. पण पिशवीतला लहान डबा आणि बारीक ब्रश काही सुटला नाही. दुसऱ्यांच्या पाट्यांतल्या वेलांट्या ते न विचारता दुरुस्त करत. बस स्टँडवर 'पुरूषांसाठी' मधला 'रू' पाहून त्यांनी एकदा दारातच ठिय्या मारला आणि तो ऱ्हस्व केला. आत जायला आलेले चारपाच जण पाय आवळून उभे.

"हाताला लागंल, थांबा जरा. ओला हाय," काका त्यांना सांगत होते.

त्यामुळे मराठी पत्त्याचा त्यांचा हट्ट म्हणजे पेंटरचा अक्षरांचा अभिमान, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. गॅसच्या ऑफिसात कारकुनानं ईमेल विचारला तर काकांनी कागद मागून घेतला आणि पत्ता सावकाश, शेडसकट काढून दिला. मागे रांग.

"इंग्रजीत सांगा ना, काका."

"इंग्रजीत मी न्हाईच."

कारकुनानं वैतागून स्वतःच्याच मनानं इंग्रजी स्पेलिंग टाकलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. काकांनी चष्मा वर करून नीट पाहिलं. "हा कोन? याला मी वळखत न्हाई," म्हणाले आणि उठून आले. पुतण्यानं परस्पर एक इंग्रजी पत्ता काढून दिला होता, तर त्या पत्त्याचा उल्लेख काका 'तो दुसरा' असा करायचे. "आज काही आलं का हो काका?" असं विचारलं की, "त्या दुसऱ्याला इचारा. मला काय ठाव."

मी कॉम्प्युटरवाली. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीचं काम इथूनच, माझ्या माहेरच्या माडीवरून करते. एक दिवस आमच्याकडे काम आलं. एका संस्थेला पुण्यात हातानं पाट्या रंगवणाऱ्या जुन्या पेंटरांचं शिबिर घ्यायचं होतं. पेंटरांनी शिकवायचं, कॉलेजातल्या पोरांनी शिकायचं. नावनोंदणीचा ऑनलाइन फॉर्म आम्ही करायचा. मी तो वाचला आणि लॅपटॉप तसाच उघडा ठेवून शेजारी पळाले.

काका शेवंताकाकू गेल्यापासून एकटेच राहत. दुपारचे ओट्यावर बसून ब्रश धूत होते. काम नसतानाही ब्रश रोज धुवायचे. मी शिबिराचं सांगितलं तर त्यांचा हात थांबला.

"मला शिकवायला बलावतील?"

"नाव तर घालू आधी."

नाव, गाव, किती वर्षं काम केलं, सगळं भरलं. मग ईमेल. काकांनी पत्ता सांगितला, मी टाकला, आणि खाली लाल ओळ उमटली. या वेळी ती आमच्याच कंपनीची होती.

"तुमी बी?" काका म्हणाले.

मला कानकोंडं झालं. "काका, इंग्रजी पत्ता काढून देते. पाच मिनिटांचं काम आहे."

"मंग त्या इंग्रजीवाल्यालाच धाड पुण्याला."

नोंदणी शनिवारी बंद होणार होती. मी लॅपटॉप ओट्यावर आणून त्यांना आतली गोष्ट दाखवली. ईमेल बरोबर आहे का हे तपासणारी एक ओळ असते, आमच्यात तिला रेगेक्स म्हणतात. कंस, चौकोनी कंस, फुल्या, तिरक्या रेघा. ही ओळ आमच्याकडे एका कामातून दुसऱ्या कामात उचलून चिकटवली जात होती, मुळात कुणी लिहिली हे ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं.

"कोंबडी शाईत पाय बुडवून गेली जनू," काका म्हणाले. "यात लिवलंय काय?"

"आधी ए ते झेड, आकडे, टिंब चालेल. मग ॲट. मग परत ए ते झेड, टिंब, आणि शेवटी दोन ते चार अक्षरं."

"म्हंजे स्टेन्सिल हाय. कापून ठेवली, त्यात बसंल तोच माणूस." त्यांना एका क्षणात कळलं. "अन् अ ते ज्ञ काहून न्हाई?"

"कुणाला सुचलं नाही, काका."

"मंग तुला आता सुचलं की."

मी मराठी अक्षरं घातली. वाटलं, झालं. पत्ता टाकला, पुन्हा लाल. एकेक अक्षर टाकून बघत बसले तेव्हा कळलं, ओळ 'द' घेते, 'त' घेते, पण काना, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडायची खूण आली की हाकलते. कॉम्प्युटरच्या लेखी ती अक्षरंच नव्हेत, नुसत्या खुणा. त्या काढल्या तर काकांचा पत्ता लगेच पास झाला. मी तो वाचून दाखवला, "दतत टिंब पटर."

काकांनी ब्रश खाली ठेवला. "असा माणूस हिंगोली जिल्ह्यात न्हाई."

मग मी काना-मात्रांनाही आत घेतलं. पण एवढ्यानं भागणार नव्हतं, सरांना विचारायला हवं होतं. व्हिडिओ कॉलवर आमचे सर म्हणाले, "एका माणसासाठी चाचणी कशाला बदलायची? उद्या कुणी काहीही भरेल."

"सर, आताही भरतात. कालच एकानं 'एबीसी ॲट एबीसी डॉट कॉम' असा खोटा पत्ता टाकला, तो आपल्या चाचणीत बसला. हा खरा माणूस बसला नाही."

तेवढ्यात काकांनी मागून मान घातली. मी त्यांना गप्प बसायला सांगितलं होतं. "साहेब, राम राम. बराबर पत्ता हाय का न्हाई ते चिठ्ठीवर बघून कळतंय व्हय? दारात जाऊन हाक मारा. ओ आली तर माणूस हाय."

सर हसले. पण कामाला लागले, कारण बोलणं खरं होतं. शेवटी ती लांबलचक ओळ आम्ही जवळजवळ काढूनच टाकली. काहीतरी असावं, मधे ॲट असावा, पुढे काहीतरी असावं, बस्स. मग त्या पत्त्यावर एक मेल पाठवायचा आणि त्यातलं 'हो, मीच' हे बटण जो दाबेल तो खरा. मेल पाठवणारी आमची यंत्रणाही मराठी पत्ते घेत नव्हती, तीही बदलावी लागली. सरांनी दोन दिवस तक्रार न करता ते केलं. शुक्रवारी दुपारी मला त्यांचा निरोप आला, "टाका पेंटरसाहेबांना."

मी धावत ओट्यावर गेले. पत्ता टाकला. लाल काही उमटलं नाही. काका स्क्रीनच्या इतके जवळ आले की त्यांच्या श्वासानं ती धुरकट झाली.

"आता तुमच्या फोनवर मेल येईल," मी म्हटलं. "तो उघडा, बटण दाबा."

फोन वाजला. काकांनी मेल उघडला, अंगठ्यानं बटण दाबलं, 'आपली नोंदणी पूर्ण झाली' असं आलं. मला नाचावंसं वाटत होतं. पण काका मागे जाऊन मेलची यादी बघत बसले होते आणि त्यांचा चेहरा पडत चालला होता.

"काय झालं, काका? तकलीफ होतेय का काही?"

त्यांनी फोन माझ्याकडे केला. त्या यादीत आमचा एक मेल सगळ्यात वर, आणि त्याखाली पार तळापर्यंत एकाच नावाचे मेल होते. 'शेवंता'. मराठीत.

काकू शाळेत गेल्या नव्हत्या. काका अक्षराची आउटलाइन मारायचे आणि त्या बसून आत रंग भरायच्या, तेवढ्यावर त्या वाचायला शिकल्या. हे मला तेव्हा प्रथमच कळलं. मराठी पत्ते मिळतात हे काकांच्या कानावर आलं तेव्हा त्यांनी दोन काढले होते, एक स्वतःचा, एक काकूंचा. शिडीवर असताना एकदा काकूंचा फोन घेताना त्यांचा पाय सटकला होता, म्हणून काकूंनी फोन करणंच सोडलं. खाली उतरल्यावर वाचता येईल असा मेल धाडायच्या.

"एसेमेस कर म्हटलं तर मनायची, त्यात निस्ता आकडा येतो," काका म्हणाले. "'मेलात माझं नाव येतंय, मला वाचता येतंय, अन् तुमचंबी येतंय,' असं तिचं. इंग्रजी घेतला असता तर तिला कसं कळलं असतं की हा मीच हाव?"

मी आमच्या लगेच खालचा मेल वाचला. काकूंचा शेवटचा. 'येतानी तुरीच्या हिरव्या शेंगा आणा. थंडी हाय. मफलर बांधा. सावकाश या.'

"दोन वर्सं झाली," काका म्हणाले. "फोन उघडला की हेच वर ऱ्हायचं. आता तुमचं आलं. तिचं खाली गेलं."

समोरच्या रस्त्यानं सोयाबीनची एक ट्रॉली गेली, तिच्या मागचा फ्लेक्स एका बाजूनं फाटून फडफडत होता. काकांनी त्याकडेही पाहिलं नाही.

"पोरी, हे तुमचं पुसलं तर माझं नाव कटंल का तिथून?"

"नाही काका. नाव लागलं ते लागलं."

त्यांनी आमचा मेल पुसला. मग स्क्रीन सदऱ्याच्या टोकानं साफ केली आणि फोन खिशात ठेवला.

"अन् तुमच्या सायबाला सांग," ते म्हणाले, "आता पुढचं काय कळवायचं असलं तर फोनवर कळवा."

मी त्याच दुपारी त्यांच्या नावापुढे खूण केली, की या पत्त्यावर काहीही पाठवू नये. शिबिराला काका गेले. पोरांना त्यांनी आधी दोरा ताणायला शिकवला, मग एकेकाला एक अक्षर आतून भरायला दिलं, आणि दोन दिवसांसाठी गेलेले काका आठवडाभर राहिले. त्यांना पुन्हा बोलवायचं ठरलं तेव्हा संस्थेतल्या बाईंनी मला फोन केला. म्हणाल्या, "त्यांना काही कळवायचं तर प्रत्येक वेळी फोनच करावा लागतो. मेल उघडत नसतील ना, वयामुळे?"

मी म्हटलं, "हो, फोनच करत जा."