बहिरूने बायकोला नावं ठेवली

बहिरू माळ्याने पासपोर्टच्या अर्जावर बायकोचं नाव लिहिलं, तेव्हा त्याला बायकोच नव्हती. हसू नका, गडी धोरणी होता. आफ्रिकेतल्या मोंबाशाच्या एका साहेबाने त्याला बागेच्या कामावर पाच वर्षांसाठी बोलावलं होतं. आगबोट जेठात, लग्न वैशाखात, आणि कागद मुंबईहून यायला दोन महिने. लग्न होईस्तोवर थांबला असता तर नवरी पाच वर्षं नाशकातच राहिली असती. म्हणून पठ्ठ्याने चैत्रातच अर्ज ठोकला.

पण नाव कोणतं लिहायचं? माहेरचं ठमा हे नाव लग्नात बदलणारच. बहिरूने मनात धरलेलं नवं नाव लिहून टाकलं, मालन.

लग्नात ताटातल्या तांदळावर तो अंगठीने 'मा' काढतो न काढतो, तोच त्याची मामी कडाडली, "ए बाबा! माझं नाव हाय ते!"

जन्मभर तिला सगळे मामीच म्हणत आले. तिला आणखी एखादं नाव असेल हे बहिरूच्या स्वप्नातही नव्हतं.

"उद्या तुझी आई हिला 'मालने, टवळे' म्हणंल, अन् मी गप ऐकू व्हय?"

मामीपुढे कुणाचं चालतंय! ताटातलं 'मा' पुसलं गेलं आणि नवरीचं नाव गोदा पडलं.

जेठ तोंडावर आला आणि चौकशीला कचेरीतून बोलावणं आलं. बहिरू नवरीला घेऊन गेला आणि लग्नाचा दाखला पुढे केला. हेडकारकुनाने चष्मा वर केला.

"चैत्रात तुझी बायको मालन. वैशाखात लग्न केलंस गोदाशी. मग मालन कुठाय?"

"ती नाय, साहेब."

"वारली?"

"नाय जी. ती झालीच नाय."

"म्हणजे सरकारला फसवतोस?"

पाच वर्षांचा विरह बहिरूला समोर दिसू लागला.

"बाई, तुम्ही सांगा. नवऱ्याचं नाव काय?"

नवरीने पदर पुढे ओढला. चारचौघांत नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं?

"सांगत नसाल तर अर्ज रद्द!"

तेव्हा ती पोर दोन पावलं पुढे आली. काय धीट म्हणावी! "नुसतं नाय घेणार. उखाण्यात घेते."

सगळ्या कचेरीने हातातले टाक खाली ठेवले.

"माहेरची ठमा, सासरची गोदा, कागदावर मालन;
बहिरूरावांच्या तिन्ही बायका मीच, एकाच चुलीवर कालवन!"

शिपायानेसुद्धा टाळी वाजवली. वकिलाला दहा पानांत जमलं नसतं ते बाईने दोन ओळींत केलं. शाब्बास! हेडकारकुनाने मिशीत हसू दाबलं आणि शेरा लिहिला, 'तिन्ही नावांची बाई एकच, समक्ष पाहिली.'

मग तो बहिरूकडे वळला. "बायकोला इतकी नावं ठेवणारा नवरा पहिल्यांदाच पाहिला. घरी हाक कोणत्या नावाने मारतोस रे?"

बहिरू लाजून पायाच्या अंगठ्याकडे बघू लागला. "साहेब, मी नुसतं 'अगं' म्हणतो."

"अन् मी लगेच ओ देते," पदराआडून आवाज आला.