तळातला खोका

कदमकाका आमची बेल वाजवण्याआधी जिन्याच्या लोखंडी कठड्याला हात लावतात. अंगातली वीज उतरवायला. अंगातल्या विजेने कॉम्प्युटरचा मदरबोर्ड मरतो, असं त्यांनी कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं, तेव्हापासून हे सुरू झालं. बहुतेक वेळा त्यांच्या हातात नुसती कोथिंबिरीची जुडी असते. पण काका म्हणतात, "उगं धोका नको, मॅडम."

जुईनगरच्या आमच्या सोसायटीत ते समोरच्याच दारात राहतात. मूळचे साताऱ्याकडचे, सगळं आयुष्य वाशीच्या दाणाबाजारात गेलं. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा महेश जर्मनीत. आणि बासष्टाव्या वर्षी हा माणूस एकेक पार्ट निवडून गेमिंग कॉम्प्युटर जोडायला निघाला. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, म्हणून सल्लागार मी. मी दुसरीच्या पोरांना माउस धरायला शिकवते, हे सांगून काही उपयोग झाला नाही.

"गेम कुठला खेळणार, काका?"

"ते बघू मागनं. आधी माल तर चांगला घेऊ."

तसा हा माणूस भित्रा म्हणजे किती भित्रा? गिझर लावला की स्वतः पॅसेजमध्ये येऊन उभा राहतो. पॉवर सप्लाय कमी पडला तर आग लागेल, ही त्यांची पहिली भीती. म्हणून त्यांनी एवढा दांडगा घेतला की त्यावर पिठाची गिरणी चालली असती. मग तो दांडगा आहे म्हणून त्यांची झोप उडाली. कॅबिनेट काचेचं, ते तडकेल. पंखे कमी, मग पंखे जास्त. भीती साथीसारखी लागते हो. महिन्याभरात मीसुद्धा मिक्सर लावताना एक पाऊल मागे उभी राहायला लागले.

दुकानात तर नको नको व्हायचं. काका वरचा खोका कधी घेत नाहीत. "वरचा माल दाखवायला असतोय. खरा माल तळाला." पोत्याच्या तळाशी हात घालून गहू बघायची सवय, ती जाणार कशी? प्रोसेसरसाठी दुकानदाराला त्यांनी अकरा खोके खाली उतरवायला लावले. तळातला निघाला जुन्या मॉडेलचा आणि घरी नव्या मदरबोर्डवर बसेचना. काकांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मोडला का काय माझ्या हातनं?"

"मोडला नाही, काका. हा या बोर्डाचाच नाही. हे काय गहू आहेत का?"

त्यांनी फोटो काढून महेशला पाठवला. दहा मिनिटांत हे एवढं लांबलचक उत्तर आलं. काका ते घेऊन बाल्कनीत गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

प्रोसेसर बदलून आणला. पुढच्या रविवारी रॅम घ्यायला गेलो, तर पुन्हा तळातला खोका. ही बसणार नाही, असं दुकानदाराने सांगितलं, मीही सांगितलं. तरी घेतली. बसली नाहीच. मग मात्र माझं डोकं फिरलं. माझे पाच महिन्यांचे रविवार गेले होते. मी बोलायचं ते सगळं बोलले. काका भिंतीकडे बघत ऐकत राहिले. "सांगितलंत खरं तुम्ही," एवढंच म्हणाले.

शेवटी एकदाचं सगळं जुळलं. रविवारची दुपार होती. दारात वाळूची बादली, काकांच्या पायात रबरी चपला, मी मेन स्विचपाशी. काका बटणाजवळ बोट नेत आणि मागे घेत.

"काका, दाबा. काही होणार नाही. चालू होईल."

"त्याचंच भ्या वाटतंय," काका म्हणाले आणि त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

महेशचे मेसेज होते. वरती तीन-चार वर्षांत नुसत्या दिवाळीच्या शुभेच्छा आणि जोडलेले हात. खाली गेल्या पाच महिन्यांत बघावं तर संपतच नव्हतं. बाबा, ही रॅम नको. बाबा, फोटो नीट काढा. बाबा, परत तळातला घेतलात ना? बाबा, जेवलात का?

"ही होती तवा फोन हीच लावायची. मी नुसता मागनं ऐकायचो," काका म्हणाले. "बापलेकांना बोलायला काय तरी कामाचं लागतं, मॅडम. आता हा चालू झाल्यावर मी विचारू काय त्याला?"

मला फार वाईट वाटलं. रॅमवरून आपण या माणसाला केवढं बोललो. मी स्विच सोडून आले आणि त्यांचं बोट धरून बटण दाबलं. दिवे लागले, पंखे फिरले. काही जळलं नाही, काही तडकलं नाही. काका काम संपल्यासारखे खुर्चीत बसून राहिले.

मी कॅबिनेटला कान लावला. "काका, डावीकडचा पंखा जरा जास्तच आवाज करतोय का हो?"

काका उठले. त्यांनीही कान लावला. माझ्याकडे बघितलं.

"करतोय की," म्हणाले.

मग खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावला आणि या वेळी मेसेज न करता सरळ फोन लावला. "महेश, बाबा बोलतोय. जरा ऐक बघू," असं म्हणून त्यांनी फोन पंख्यापाशी धरला. पंखा अगदी निमूट फिरत होता.